तांबडं लुगडं

थळ, ६ जानेवारी १९३६

हे आज खांदेरी बेटावर परत गेले. आता महिनाभर तिथल्या दीपगृहाच्या बत्तीवर ह्यांची पाळी. जाताना ही कोरी वही दिली. तिथे त्यांना रोज लिहावं लागतं: वारा कुठला, समुद्र कसा, कोणतं जहाज कुठे गेलं.

"तूही लिही," म्हणाले. "पण पाहिलंस ते पाहिलं म्हणून, आणि वाटलं ते वाटलं म्हणून. दोन्हीची भेळ केलीस की जहाज खडकावर."

"माझ्याकडे कुठलं जहाज?"

पोटाकडे बघून हसले.

वाडीच्या टोकाच्या उंच माडाला त्यांनी कप्पी बांधून दोर सोडून ठेवला आहे. बाळंतपण नीट झालं तर पिवळं लुगडं वर चढवायचं. ह्यांची गरज पडली तर तांबडं. रोज दुर्बिणीतून बघणार आहेत. सासूबाई ऐकत होत्या. "तांबड्याचं नावच कशाला काढतोस, दिना?" म्हणाल्या, आणि तांबडं लुगडं पेटीच्या तळाशी घातलं.

पाहिलं: आठवा चालू आहे. पोट नवव्याच्याही पुढचं दिसतं.
वाटलं: जुळं असावं.

९ जानेवारी

ठमाबाई येऊन पोट तपासून गेली. गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली आहेत.

"पोर एकच हाय. पाणी मोप."

"कशावरून?"

तिने माझा तळवा एका कुशीवर दाबून धरला आणि दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. माझ्या तळव्याला लाट लागली. मला इतकी गंमत वाटली की ती गेल्यावर मी दिवसभर तेच करत बसले.

सासूबाई म्हणाल्या, "पोट हाय गो ते. तबला न्हाय."

एवढं पाणी येतं कुठून, हे ठमाबाईला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "विहिरीला पाणी कुठनं येतं, तुला ठाव हाय?" मलाही माहीत नाही.

१३ जानेवारी

सासूबाई मला पांढरं खाऊ घालतात. शहाळ्याची मलई, दूध, तांदळाची खीर. कोकमाचं सार बंद, काळे तीळ बंद. संक्रांतीचे लाडूसुद्धा पांढऱ्या तिळाचे करायचे ठरलं आहे. मूल गोरं व्हावं म्हणून. ह्यांचा रंग तव्यासारखा आहे आणि माझा त्याच्याखाली एकच पायरी. सासूबाईंचाही तोच. एवढ्या काळ्या घरात गोरं मूल मलईतून येईल असं मला वाटत नाही. मलई मात्र मी सगळी खाते.

शहाळं प्यायलं की बाळ हलतं. हे वाटलं नाही, पाहिलं. पोटावर वाटी ठेवली तर वाटी हलते.

२० जानेवारी

आज दुपारी सुपाऱ्या सोलताना एकाएकी थंडी भरली. दात वाजायला लागले. ऊन चांगलं होतं. सासूबाईंनी दोन गोधड्या घातल्या, वर स्वतः बसल्या. घटकाभराने अंग गरम झालं, कमरेत दुखलं आणि मग सगळं थांबलं. शेजारच्या वेणूबाईने हिवतापाचं कोयनेल आणून दिलं. पुडी ठेवली आहे, घेतलं नाही. हिवताप मला माहीत आहे. तो असा एकदाच येऊन विचारपूस करून जात नाही.

मग काय होतं? माहीत नाही.

२२ जानेवारी

थंडी परत आली नाही. शहाळं प्यायले. वाटी हलली नाही. संध्याकाळी थोडी हलली, पण ती माझ्या श्वासानेही हलली असेल.

सासूबाई म्हणतात, दिवस भरत आले की पोर निजतं. ठमाबाईही तेच म्हणते. दोघींना अनुभव आहे. मला फक्त वाटी आहे.

२५ जानेवारी

वाटी ठेवणं सोडलं. भीती वाटते. हे "वाटलं" मध्ये.

२८ जानेवारी

काल सकाळी मुलगा झाला. दिवस पुरते भरले नव्हते. पाणी एवढं गेलं की ठमाबाईने अंगणातली माती आत आणून टाकली. मूल लहान आहे, पण सगळं जिथल्या तिथे आहे. रडला, पण मांजराच्या पिल्लाएवढं.

ठमाबाईने त्याला उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. सासूबाई मात्र ओरडल्या, "अगो बाय! हा तर दुधासारखा!"

खरंच. शंखासारखा पांढरा. मलाही आवडलं. खोटं कशाला लिहू? मलईवर हसले होते त्याची लाज वाटली.

मुलामागून वार पडली तेव्हा मी ठमाबाईला म्हटलं, मला दाखव. आपल्याच वारेकडे बघायचं नसतं म्हणे. पण माझ्या पोटात महिनोन् महिने होती, आणि मी तिला एकदाही पाहू नये? सासूबाई पाणी तापवायला गेल्यावर ठमाबाईने सूप पुढे सरकवलं. भाकरीएवढी, जाड, एका बाजूने शिरांचं जाळं. त्या बाजूला कडेशी एक गोल गाठ होती, लहान बेलफळाएवढी. बाकी वार फिकी, गाठ काळीलाल. घरट्यात परक्याचं अंडं असावं तशी.

"ही काय?"

"असतं कायबाय," ठमाबाई म्हणाली. पण तिने त्या गाठीला बोट लावलं नाही, काडी लावली.

सासूबाईंनी वार मडक्यात घालून वर मूठमूठ मीठ टाकलं, विहिरीजवळ पुरली आणि वर कोंब आलेला नारळ लावला. मग पिवळं लुगडं माडावर चढवलं. इथून दिसतं. वाऱ्यावर छान फडफडतं आहे.

२८ जानेवारी, दुपारी

बायका बघायला येत आहेत. वेणूबाई म्हणाली, "सत्यवती, साहेबाची गाडी चुकून तुझ्या दारात थांबली की काय?" सगळ्या हसल्या. सासूबाई रागावल्या, पण खूष होत्या. बाळाच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका लावला आहे. एवढ्या पांढऱ्यावर तो फार काळा दिसतो.

२९ जानेवारी, सकाळी

पाहिलं ते लिहिते.

तो दोन घोट पितो आणि थकतो. श्वास धावून आल्यासारखा. ओठ पांढरे. तळवे पांढरे. गोऱ्या माणसाचे तळवे गुलाबी असतात. मी शाळेत शिकवत असताना कलेक्टरांची मडम आली होती, तिचे मी पाहिले होते. मी माझं नख दाबलं, सोडलं: पांढरं झालं, लगेच लाल झालं. त्याचं दाबलं, सोडलं: आधी पांढरं, नंतरही पांढरं.

सासूबाईंना दाखवलं.

"गोरा हाय तो."

"आई, हा गोरा नाही. ह्याच्यात रक्त नाही."

"जिभेला हाड हाय का न्हाय तुझ्या? गोरं पोर झालं ते बघवत न्हाय?"

मी म्हटलं, तांबडं लुगडं चढवा. त्या म्हणाल्या, पिवळं उतरवून तांबडं चढवायचं म्हणजे अख्ख्या गावाला अपशकुन सांगायचा. बाळंतिणीने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, विटाळ आहे. मला ते माहीत आहे. मी उठले, पेटी उघडली, तळातून तांबडं लुगडं काढलं आणि उंबऱ्यापर्यंत गेले. चौकट धरली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन बाळाचं नख दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ त्या वाकून होत्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "दे इकडं. तुला दोर वढता येनार हाय का?"

३० जानेवारी

काल खूप झालं. आज सवडीने लिहिते. बाळ निजला आहे.

तांबडं दिसताच हे मिळेल त्या होडीतून निघाले. अंगणात आले ते नुसत्या बंडीवर. बाळाला बघितलं. पाणीसुद्धा न पिता अलिबागला गेले आणि डॉक्टर ताजुद्दीन यांना टांग्यातून घेऊन आले. मुंबईला शिकलेले, घराणं मुरुडकडचं, व्यापारी. दवाखाना नवा आहे. वयाने माझ्याएवढेच असतील. चपला काढून ओटीवर थांबले आणि म्हणाले, "आजी, आत येऊ ना? तुमची परवानगी हवी."

सासूबाई म्हणाल्या, "आता काय इचारता? आत या आन् सांगा, गोरा हाय का न्हाय?"

डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "नाही आजी. त्याचा खरा रंग कसा आहे ते अजून आपण पाहिलंच नाही."

नाळ पाहिली, कोरडी. लंगोट पाहिले, त्यांत रक्त नाही. पोट दाबलं. कपाळाला आठ्या घालून बसले. मग विचारलं, "वार कुठाय?"

"असायला हवी तिथं," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माडाच्या बुडात. तुमच्यात काय करतात? कालवण?"

हे म्हणाले, "आये!" डॉक्टर मात्र हसले. "आमच्यातही पुरतात, आजी. पण ऐका. घड्यात पाणी ओतायचं तर आधी घडा गळतोय का ते बघायला हवं. ह्याचं रक्त गेलंय, हे नक्की. कुठे गेलं, आणि अजून जातंय का, हे मला कळत नाही. अजून जात असेल, तर वरून दिलेलंही जाईल, आणि देण्याच्या खटपटीतच तो दमून जाईल. वार पाहिल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

मी गाठीचं सांगितलं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू बघितलीस?"

"बघितली."

पुरलेली वार उकरली तर मूल मातीच्या ओढीला लागतं, असं इथे मानतात. हे कुदळ घ्यायला उठले. सासूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"मी पुरली. मीच काढीन. काय व्हायचं ते माझ्या हातानं होऊ दे."

खिडकीतून मी पाहत होते. त्यांनी आधी तो कोंबाचा नारळ मुळांसकट उचलून बाजूला ठेवला, मूल उचलावं तसा. मग मडकं काढलं. मिठामुळे वार चांगली राहिली होती. डॉक्टरांनी ती केळीच्या पानावर धुतली, गाठ कापली. आत स्पंजासारखं, सगळं शिरांचं.

"सुभानल्ला," ते म्हणाले. चेहरा असा फुलला होता की दुसऱ्याच क्षणी त्यांनी तो पुसून घेतला. "पुस्तकात चित्र पाहिलं होतं. नुसत्या रक्तवाहिन्यांची गाठ. ह्याचीच, ह्याच्याच बाजूची."

"दुसरं पोर न्हवं ना ते?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, आजी. जीव नव्हता त्यात कधी."

"मग न्या ती. वार माझी मला परत द्या."

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "गळती इथेच कुठेतरी होती. नाळ तुटली, गळती संपली. आता दिलेलं राहील. कुणाचं द्यायचं ते बघू."

माझं रक्त घेतलं, ह्यांचं घेतलं. दोन बाटल्यांत ते थिजू दिलं. वर पिवळसर पाणी सुटलं. घरातली पांढरी बशी मागितली. बाळाच्या टाचेतून दोन थेंब काढले. आधी ते निघेचनात. एका थेंबात माझं पाणी मिसळलं, दुसऱ्यात ह्यांचं. बशी उन्हात तिरकी करून हलवली. मला जवळून बघू दिलं. ह्यांच्यातलं तसंच राहिलं, पातळ गुलाबी. माझ्यातलं फाटलं. लाल रव्यासारखे दाणे झाले.

"बाई, तुमचं चालायचं नाही. बापाचं चालेल."

सासूबाई खवळल्या. "आईचं रक्त पोराला चालत न्हाय? मग इतके महिने वाढलं कशावर?"

"आईचं रक्त पोरात जात नाही, आजी. मध्ये पडदा असतो. भिंतच म्हणा. अन्नपाणी पलीकडे जातं, रक्त नाही."

ह्यांच्या दंडातून पिचकारी भरून घेतली. बाळाच्या डोक्यावर कानाच्या वर एक शीर आहे, दोऱ्याएवढी. सुई दोनदा चुकली. हे खांदेरीच्या बत्तीवर वादळात चढतात. इथे भिंतीला टेकून खाली बसले. तिसऱ्यांदा सुई शिरली. रक्त फार सावकाश सोडलं. बाहेर सासूबाई मडकं पुन्हा पुरत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

सुई काढल्यावर बाळ रडला. मांजरासारखा नाही.

१ फेब्रुवारी

डॉक्टर पुन्हा येऊन थोडं रक्त देऊन गेले. श्वास आता संथ आहे. पितो, झोपतो, पुन्हा पितो. नख दाबलं, सोडलं. लाल झालं. मी हे दिवसातून इतक्यांदा करते की तो पाय आखडून घेतो.

डॉक्टरांना विचारलं, "गाठ बेलफळाएवढी. त्याचं सगळं रक्त तिच्यात मावलं असेल?"

"नाही."

"कापली तेव्हा तरी भरलेली होती?"

"फारशी नाही."

"मग गेलं कुठे?"

ते पिचकारी पुसत राहिले. "ते मला माहीत नाही, बाई. पुस्तकातही नाही."

माहीत नाही असं सरळ म्हणाले म्हणून मला ते आवडले.

९ फेब्रुवारी

बाळाचे आधी कान काळे पडले. मग गुडघे, मग कपाळ. तव्यासारखा. ह्यांचा रंग, एक पायरीही कमी नाही. आज बारसं झालं. करुणाकर. वेणूबाई पाळण्यात डोकावून सासूबाईंना म्हणाली, "अगो सोनूबाई, तुमचा साहेब कुठं गेला?"

सासूबाई म्हणाल्या, "गेला इलायतेला. हा आमचा हाय. बघा, चांगला बघा. काजळसुद्धा दिसत न्हाय त्याच्यावर, बचत झाली." आणि इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

दुपारी त्यांनी मला कोकमाचं सार वाढलं. न मागता.

२३ फेब्रुवारी

हे खांदेरीला गेले. आज घर शांत आहे. एक विचार बरेच दिवस घोळतो आहे, तो लिहिते.

थंडी भरली तो दिवस आणि वाटी हलायची थांबली तो दिवस, मी वहीत मागे जाऊन पाहिलं, त्यांच्यात एकाच दिवसाचं अंतर आहे. हे पाहिलेलं.

बशीत त्याचं रक्त माझ्या पाण्याला लागलं आणि फाटलं. हेही पाहिलेलं.

मग, त्याचं रक्त माझ्यातच आलं असेल तर? त्या गाठीपाशी कुठेतरी वाट फुटून? बशीत जे झालं ते माझ्या अंगात झालं असेल, आणि तीच थंडी?

परवा डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग हसले, टिंगलीने नाही. "कल्पना छान आहे, बाई. पण मध्ये भिंत आहे, म्हणालो ना मी. शिकवतात तसं."

आमच्या घराच्या भिंतीही चांगल्या हातभर जाडीच्या, जांभ्या चिऱ्याच्या आहेत. दर श्रावणात आतून ओल येते. समुद्र बाहेर आहे हे भिंतीला माहीत नसतं.

आईचं रक्त मुलात, हे सगळे सांगतात. मुलाचं आईत, हे कोणी सांगत नाही. तसं झालं असेल तर ते सात दिवस तो रिकामा होत होता आणि मी भरत होते, आणि मी सुपाऱ्या सोलत होते, मलई खात होते. त्या दुपारी सासूबाईंनी माझ्यावर दोन गोधड्या घातल्या. थंडी माझी नव्हतीच, म्हणायची.

आता तो मांडीवर आहे. पोट भरलं आहे, तरी सोडत नाही. ओढतो आहे. मी म्हटलं, घे. घे, तुझंच आहे.

हे पाहिलेलं नाही. वाटलं.